शिळी मिस्सा

माझा फोन आईच्या मांडीवर होता आणि त्याला कुलूप होतं.

२९ मार्च २०२०. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला पाचवा रविवार. आदल्या रात्री धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चला जोडलेल्या घरांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला होता की सकाळी सातची मिस्सा, चर्चमधली रविवारची उपासना, फादर एकटेच अर्पण करतील आणि ती मोबाइलवर सगळ्यांना पाहता येईल. मी आईला निरोप वाचून दाखवला, "उद्या लावून देते" म्हणाले आणि रात्री दोनपर्यंत ऑफिसचं काम करत बसले. जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते. बाहेरच्या खोलीत आई खुर्चीत बसली होती. न्हाऊन, केस विंचरून, रविवारसाठी वेगळी ठेवलेली बारीक काठाची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. समोर स्टुलावर क्रूस आणि अर्धी जळून विझवलेली मेणबत्ती. फोन तिने माझ्या उशाजवळून हळूच उचलून आणला होता. तो उघडता येईना, म्हणून तसाच मांडीवर ठेवून ती मिस्साभर बसून राहिली होती. मला का नाही उठवलंस, असं विचारलं तर म्हणाली, "दमलेली होतीस."

मी ओशाळले. घाईघाईने म्हणाले, "अगं, मिस्सा कुठे पळून जात नाही, रेकॉर्ड झालेली असते. आत्ता लावते, पहिल्यापासून." तिने मेणबत्ती उचलली, स्टुलावर सांडलेलं मेण नखाने खरवडलं आणि म्हणाली, "राहू दे. शिळी मिस्सा नको मला." मग भाकरीचं पीठ मळायला आत गेली. आवाजात राग नव्हता. रात्रीचा भात नको म्हणावं, तितक्या साधेपणाने ती म्हणाली. राग असता तर मी दोन दिवसांत विसरून गेले असते.

आमचं गाव वसईचं, स्टेशनपासून समुद्राच्या बाजूला, वाड्यांच्या पट्ट्यातलं. आई चर्चला अजून 'देऊळ'च म्हणते, आमच्याकडची जुनी माणसं सगळीच म्हणतात. तिच्या रविवारची सुरुवात पहिल्या घंटेने व्हायची. पहिली घंटा झाली की चूल, म्हणजे आता गॅस, बंद. दुसऱ्या घंटेला ती कुंपणाबाहेर. मग केळीच्या बागेतून जाणारी पायवाट, बावखलाच्या, आमच्याकडच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठाकाठाने एक वळण, आणि तिथून पुढे प्रत्येक घरातून एकेक बाई येऊन मिळणार. मिस्सेहून तिला ही वाट जास्त प्रिय आहे की काय, असं मला लहानपणी वाटायचं. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या मोगऱ्याला दादरला काय भाव मिळाला, कोणाच्या विहिरीला खारं पाणी लागलं, हे सगळं त्या वाटेवर बोलून व्हायचं. आणि चर्चच्या पायरीशी आल्यावर बोलणं एकदम थांबायचं. आत डाव्या हाताला, खांबालगतचा चौथा बाक. आईची शेजारीण ठरलेली. दोघी चाळीस वर्षं एकाच बाकावर बसतात, पण एकमेकींच्या घरी फार तर चार-पाच वेळा गेल्या असतील. शांतीची खूण करताना दोघी एकमेकींचे हात धरायच्या ते जरा जास्तच वेळ. मेण, धूप, मोगरा आणि पावसाळ्यात ओल्या छत्र्या यांचा एक मिळून वास यायचा. तो वास मला पुढे कुठल्याही चर्चमध्ये मिळाला नाही.

मी मात्र गेली काही वर्षं त्या वाटेने जाणं सोडलं होतं. नाताळ, ईस्टर, लग्नं, मयतं, एवढंच. सहा दिवस अंधेरीची लोकल धरल्यावर सातवा दिवस झोपेचा, हे मी स्वतःला पटवून दिलं होतं आणि आईने कधी वाद घातला नाही. रविवारी ती परत आली की माझ्या उशाशी उभी राहून कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करायची आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचे. श्रद्धा सोडली होती असं नाही. सवय सोडली होती. या दोन्हींमध्ये अंतर किती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

दारं बंद झाली ती त्याच्या आधीच्याच आठवड्यात. २२ मार्चला जनता कर्फ्यू होता. त्या रविवारचं शुभवर्तमान जन्मांधाला दृष्टी मिळते त्याचं, आणि फादरांचा झगा गुलाबी असतो, उपवासकाळाच्या मध्यावर थोडा आनंद म्हणून. आईने तो वेष पाहिलाच नाही. संध्याकाळी पाच वाजता आमच्या वाडीत थाळ्या वाजल्या आणि त्यात चर्चची घंटाही मिसळली. तीन दिवसांनी, २५ मार्चला, सकाळी शेजारच्या वाडवळ आळीत गुढ्या उभ्या होत्या, आमच्यात देवदूताने मरियेला निरोप दिला तो सण होता, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दादरचा फुलबाजार बंद. आमच्या ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्यांच्या टोपल्या होत्या, त्या दुपारपर्यंत उमलून पिवळ्या पडल्या. आईने त्यांतल्या ओंजळभर कळ्या नाक्यावरच्या क्रूसाला नेऊन वाहिल्या. उरलेल्या खताच्या खड्ड्यात टाकताना ती एकेक मूठ टाकत होती, टोपली उपडी करत नव्हती.

२७ तारखेच्या रात्री साडेदहाला आम्ही दोघींनी टीव्हीवर पोप फ्रान्सिस यांना पाहिलं. पाऊस पडत होता. संत पेत्राच्या एवढ्या मोठ्या चौकात ते एकटे, पांढऱ्या झग्यात, एक पाय थोडा ओढत चढण चढत होते. बाजूला तो लाकडी क्रूस, जो १५२२च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांवरून मिरवला होता. त्या क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या अंगावरून पावसाचं पाणी ओघळत होतं. वादळात होडी हेलकावते आणि येशू झोपलेला असतो, तो उतारा वाचला गेला. शेवटी त्यांनी पवित्र साक्रामेंत, ख्रिस्ताचं शरीर झालेली ती पवित्र भाकर, उचलून आशीर्वाद दिला तेव्हा घंटा वाजायला लागल्या आणि त्यांतच कुठून तरी रुग्णवाहिकेचा भोंगा. आई जमिनीवर गुडघे टेकून होती. तिचे गुडघे दुखतात, ती एरवी बाकावर बसूनच प्रार्थना करते. मी तिच्या मागे सोफ्यावर बसले होते आणि मलाही खाली बसावंसं वाटलं, पण मी बसले नाही. कसली लाज वाटली, कोण बघत होतं तिथे?

म्हणजे पडद्यावरची प्रार्थना तिला परकी नव्हती. हे मला त्या रविवारी 'शिळी' शब्द ऐकल्यावर जास्त छळत राहिलं. रोम इथून हजारो मैल दूर, तरी ती गुडघ्यावर बसली, कारण ते त्या क्षणी चाललेलं होतं. आणि हाकेच्या अंतरावरच्या आमच्या चर्चमधली, तिच्या ओळखीच्या फादरांची मिस्सा तासभर जुनी झाली म्हणून तिला नको होती. त्या रविवारचं शुभवर्तमान लाजरसाचं होतं, चार दिवस कबरीत असलेल्याचं. तिथेही येशू उशिरा पोहोचतो, आणि लाजरसाची बहीण मार्था त्याला सरळ तसं बोलून दाखवते: तू इथे असतास तर.

पुढचा रविवार झावळ्यांचा. मी आदल्या रात्रीच फोनचं कुलूप काढून टाकलं आणि साडेसहालाच सगळं मांडून ठेवलं. आमच्याकडे दरवर्षी नारळाच्या झावळ्यांचे कोवळे पाते सोलून क्रूस विणतात, मुलं त्यांच्या अंगठ्या आणि पोपट करतात, मिरवणुकीत नुसती पिवळी सळसळ असते. यंदा वेदीवर फादरांच्या हातात एकच झावळी. आमच्या घरच्या क्रूसामागे २०१९ची खोचलेली होती, वाळून करडी झालेली. ती दरवर्षी राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये परत द्यायची असते, तिचीच राख कपाळाला लागते. या वर्षी फेब्रुवारीत ती द्यायची राहून गेली होती. आईने ती काढून धूळ पुसली आणि पुन्हा तिथेच खोचली. "राहिली ते बरं झालं," म्हणाली. त्याच रात्री नऊ वाजता देशभर दिवे लावायचे होते. आम्ही ओट्यावर पणती ठेवली. समोरच्या वाडीत, पलीकडच्या आळीत, सगळीकडे मिणमिणते ठिपके. मला तर ती ईस्टरच्या आदल्या रात्रीसारखीच वाटली, फक्त सहा दिवस आधी आलेली.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी झाला नाही. रोमहून तशीच सूचना आली होती. दरवर्षी बारा माणसं वेदीसमोर बसतात, त्यांत एखादा मच्छीमार, एखादा रिक्षावाला, आणि फादर वाकून प्रत्येकाचा पाय धुतात, पुसतात, चुंबन घेतात. माझे बाबा एका वर्षी त्या बारांत होते. त्यांनी सकाळपासून तीनदा पाय घासले होते आणि तरी टाचेच्या भेगांतली माती निघाली नव्हती, त्याचं त्यांना फार वाटलं होतं. यंदा पाण्याची घागर आणि टॉवेल वेदीवर आलेच नाहीत. त्या रात्री महिमा-गीताच्या वेळी घंटा वाजली आणि मग बंद झाली. ती गुरुवारपासून शनिवार रात्रीपर्यंत बंद असतेच, तो नियम आहे, प्रभूच्या मरणाचं मौन. आई सत्तर वर्षं ते मौन पाळत आली होती. पण त्या वर्षी लॉकडाऊन लागल्यापासून सकाळ, दुपार, संध्याकाळची घंटा एवढीच काय ती चर्चची खूण आमच्यापर्यंत येत होती. शुक्रवारी दुपारी बारा वाजता काहीच वाजलं नाही तेव्हा आई हातातलं काम थांबवून दाराशी येऊन उभी राहिली. "आज असतंच की गं बंद," मी म्हटलं. "माहीत आहे," ती म्हणाली, आणि तरीही बराच वेळ उभी होती.

शनिवारी रात्री घरातले दिवे मालवून आम्ही मेणबत्ती हातात धरून फोनसमोर बसलो. चर्चमध्ये अंधार. पास्काची मोठी मेणबत्ती पेटली. एरवी तिच्यावरून एक, एकावरून दुसरी, अशी ज्योत बाकाबाकाने मागे सरकत जाते आणि दोन मिनिटांत अख्खं चर्च उजळतं. शेजाऱ्याची मेणबत्ती वाकडी झाली की मेण हातावर पडतं, लहान मुलांच्या केसांकडे सगळ्यांचं लक्ष. आता एक ज्योत आणि तिच्यामागे काळोखातले रिकामे बाक. वाचनं झाली. फादर अजून सातव्या वाचनानंतरची प्रार्थना म्हणत होते, आणि तेवढ्यात खिडकीतून घंटा वाजायला लागली. मोठी घंटा, आणि तिच्या पाठोपाठ लहान. दोन दिवसांच्या मौनानंतरची. आईने लगेच डोळे मिटले, हात जोडले. मी फोनकडे पाहिलं, तिथे फादरांची प्रार्थना चालूच. घंटा बाहेर वाजत होती, फोनमध्ये नव्हती. वीस-पंचवीस सेकंदांनी फोनमधले फादर हात पसरून महिमा-गीत सुरू करते झाले आणि फोनमधल्या घंटा वाजल्या, बारीक, पत्र्याचा डबा वाजवावा तशा. तोवर बाहेरची घंटा ऐन भरात होती.

जिला आपण 'लाइव्ह' म्हणतो तीही थोडी शिळीच असते. आवाज आणि चित्र इथून निघून, कुठल्या कुठल्या यंत्रांतून फिरून माझ्या हातात येईपर्यंत अर्धा मिनिट जातो. बाहेरच्या हवेतून, केळीच्या पानांवरून येणाऱ्या आवाजाला दीड-दोन सेकंदही लागत नाहीत. मी आईला हे समजावून सांगायला लागले तर तिने नुसती मान हलवली. ते तिला ठाऊक होतं. कदाचित म्हणूनच त्या २९ तारखेलाही ती फोनला कुलूप असताना तासभर तिथेच बसली होती. सातची घंटा तिने ऐकली असणार.

ईस्टरनंतर फादरांनी एक नवी पद्धत सुरू केली. ख्रिस्तशरीर उंचावण्याच्या वेळी एरवी वेदीजवळची लहान घंटी वाजते. आता तेव्हाच मोठ्या घंटेचेही तीन टोल पडायला लागले, ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांचं नेट चालत नाही, जे वाडीत पाणी लावायला गेलेत, त्यांना कळावं म्हणून. आई तेव्हा मला म्हणाली, हे आमच्या लहानपणासारखं झालं. तिचा जन्म १९४९चा. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे, शब्द एकही कळायचा नाही. तिची आजी, लाल लुगड्यातली, आख्खी मिस्सा जपमाळ ओढत बसायची. घंटी वाजली की जपमाळ थांबवून मान वर करायची, बघायची, पुन्हा मान खाली. घंटी हीच त्यांची भाषा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५च्या पुढे, मिस्सा मराठीत आली, फादर लोकांकडे वळले आणि घंटीचं काम कमी झालं. आता पुन्हा पाठ वळल्यासारखंच झालं होतं. फरक इतकाच की या वेळी लोकच तिथे नव्हते.

घंटेवरून मला मेणवली आठवते. वाईजवळ नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या लहानशा देवळीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळाला कडेवर घेतलेली मरिया आहे. कॉलेजच्या सहलीत मी ती पहिल्यांदा पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ती आमची होती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या, त्या कुठे कुठे देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक, भीमाशंकरला एक. ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते आणि ती सांगताना प्रत्येकाचा स्वर वेगळा लागतो. त्या वर्षी वसईच्या वाड्यांत घंटा थांबल्या तेव्हा लोकांना काय वाटलं असेल, हा विचार मला २०२०च्या पवित्र शुक्रवारी पहिल्यांदा सुचला. आधी कधी सुचला नव्हता. मेणवलीत गुरवाने आम्हाला घंटा वाजवून दाखवली होती. आवाज पाण्यावरून पार पलीकडच्या काठापर्यंत गेला. तिथे धुणं धुणाऱ्या एका बाईने ओल्या हातांनीच नमस्कार केला.

मे गेला, पाऊस सुरू झाला. रोजची बातमी ऐकवेना. महामार्गावरून पोरं खांद्यावर घेऊन चालत जाणाऱ्या माणसांना आमच्या धर्मग्रामातली पोरं पाणी आणि डाळभात नेऊन देत होती, आणि मला वाटायचं की चर्च बंद आहे असं कसं म्हणायचं? पण जुलैमध्ये आमच्या आळीतले एक काका गेले. आजार वेगळाच, वयही झालेलं. आमच्याकडे मयताला घरटी एक माणूस नव्हे, घरंच्या घरं जातात. शवपेटी घरातून निघते ते चर्चपर्यंत आळीतले पुरुष खांदा बदलत नेतात, बाया मागून गाणी म्हणत. दफनानंतर आठ दिवस संध्याकाळी त्या घरात जपमाळ, मग महिन्याची मिस्सा. त्या दिवशी वीस माणसांची परवानगी होती. काकांचीच मुलं, सुना, नातवंडं धरली की वीस भरत होती. मयताचे टोल पडले. एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. आम्ही सगळे आपापल्या फाटकात उभे राहिलो. गाडी हळू चालवा, असं कोणी तरी सांगितलं असावं, कारण ती माणसाच्या चालीने जात होती. आई ओच्यात मोगरा घेऊन उभी होती, गाडी समोर आली तशी तिने रस्त्यावर फुलं टाकली. मग पुढच्या फाटकातल्या बाईने टाकली, मग तिच्या पुढच्या. काकू काचेतून बघत होत्या. त्यांच्यापर्यंत जाऊन हात धरता येत नव्हता. आजही काकूंच्या घरी गेलं की बोलता बोलता त्या थांबतात आणि म्हणतात, "कोणी आलं नाही गं." आम्ही सगळे फाटकात होतो हे त्यांना माहीत आहे. तरी त्या असंच म्हणतात आणि ते चूक आहे असं मला म्हणवत नाही.

त्याच्या थोडं आधी, आषाढीच्या आदल्या दिवशी, टीव्हीवर पादुका एसटीतून पंढरपूरला निघालेल्या दाखवल्या. फुलांनी सजवलेली लाल बस आणि रिकामा रस्ता. आमच्या घरात वारीचं काही नाही, तरी आई भाजी निवडायची थांबली. "चालायचंच तर असतं त्यांचं," म्हणाली. "पोचणं नंतरचं." तिला आपली बावखलाकाठची वाट आठवत असणार. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

फोनवरच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या वेळी एक प्रार्थना म्हटली जायची, संत आल्फोन्स लिगोरी यांची, अठराव्या शतकातली. प्रभू, आता मी तुला साक्रामेंतात स्वीकारू शकत नाही, निदान आध्यात्मिक रीतीने माझ्या हृदयात ये, अशा अर्थाची. आई ती डोळे मिटून म्हणायची. सुरुवातीला वाचून, नंतर पाठ झाली. एकदा मिस्सा संपल्यावर म्हणाली, "त्यात 'निदान' आहे ना, तेवढाच शब्द मला समजतो." मी त्या काळात वेगवेगळ्या मिस्सा पाहायचे. गोव्याची, वेलंकनीची, रोमची. एका रविवारी तीन पाहिल्या. तीन ठिकाणची सुंदर गायनं, तीन प्रवचनं. दुपारी जेवताना माझ्या लक्षात आलं की मी एकाही ठिकाणी 'आमेन' म्हटलेलं नाही. आई एकच पाहायची, आमच्या चर्चची, जिथे गायनाला एकच मुलगी होती आणि तिचा सूर वरच्या पट्टीत चिरकायचा. पण प्रत्येक उत्तर ती मोठ्याने द्यायची. 'प्रभू तुम्हांबरोबर असो' म्हटलं की खोलीत आईचा एकटीचा आवाज. त्या एकट्या आवाजाने मला फार कानकोंडं व्हायचं. ऑगस्टमध्ये कधी तरी मी तिच्या जोडीने उत्तर द्यायला लागले. ती श्रद्धा होती की तिला एकटं वाटू नये म्हणून होतं, हे मी तेव्हा ठरवलं नाही.

ऑक्टोबर जपमाळेचा महिना. आळीतल्या तरुणांनी रोज रात्री आठला झूमवर जपमाळ ठेवली. तीस-पस्तीस घरं. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली अर्धी सगळ्यांनी मिळून. पण सगळ्यांचे माइक चालू ठेवले की प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी यायचा, नमो मरियेचा शेवट कोणाचा आधी, कोणाचा नंतर, 'आमेन' तर पाच सेकंद पसरत जायचा. मुलं म्हणाली, माइक बंद ठेवा. बंद ठेवले तर म्हणणारा एकटा पडायचा, आपल्यामागे कोणी आहे की नाही हे त्याला कळायचं नाही. शेवटी आजीबाईंनीच निकाल दिला: चालू ठेवा, गोंधळ चालेल. आईची बाकावरची शेजारीण तिथे दिसायची, कपाळ आणि छताचा पंखा एवढीच. आई पडद्यावरच्या त्या कपाळाला हात हलवायची.

१६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. पण पासष्टच्या पुढच्यांनी घरीच थांबावं, अशी सूचना होती. आई एकाहत्तरची, त्यात रक्तदाब. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "तू जा."

तर आठ महिन्यांनी चर्चचं दार उघडलं आणि आमच्या घरातून गेले ती मी. २२ नोव्हेंबरचा रविवार, ख्रिस्तराजाचा सण. पहिल्या घंटेला आईने मला उठवलं. बावखलाच्या वळणावर मी एकटीच होते, पुढे तोंड झाकलेल्या दोघीतिघी दिसल्या, लांब लांब चालणाऱ्या. दाराशी तापमान पाहिलं, पवित्र पाण्याचं भांडं कोरडं होतं, हातावर सॅनिटायझर. एकाआड एक बाकावर चिकटपट्टीची फुली. आईच्या बाकावर फुली नव्हती, मी तिथे बसले. वास आला नाही; मास्कमधून कसा येणार? शुभवर्तमान मत्तयचं: मी भुकेला होतो, मी परका होतो, मी आजारी होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात. शांतीची खूण दुरून, मान झुकवून. शेजारणीच्या जागी कोणी नव्हतं, त्याही पासष्टच्या पुढच्या. मग रांग. जमिनीवर गोल आखलेले, एका गोलातून दुसऱ्या गोलात. ख्रिस्तप्रसाद फक्त हातावर. "ख्रिस्ताचे शरीर." मी 'आमेन' म्हटलं आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला. बाजूला होऊन मास्क खाली केला, तळहात तोंडाशी नेला.

घरी आले तर आई फाटकात. काय झालं, कोण आलं होतं, फादर बारीक झालेत का, यातलं काही तिने विचारलं नाही. माझा उजवा हात धरला, मग सोडला, डावा धरला. "यावर दिला?" मी हो म्हटलं. तिने तो तळहात दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांना लावला. तिची बोटं पिठाने माखलेली होती. मी हात धुतला होता, दोनदा, बाहेर पडताना आणि फाटकात. ते मी तिला सांगितलं नाही.

पुढे मार्गशीर्षात एक दिवस सिस्टर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन आल्या. फेब्रुवारीत राखेच्या बुधवारी आई स्वतः गेली. राख कपाळावर न लावता डोक्यावर शिंपडली. क्रूसामागची ती २०१९ची झावळी तिने त्याआधीच नेऊन दिली होती. शेजारणींचा हात धरला की नाही ते मी विचारलं नाही. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, दारं पुन्हा बंद झाली, ती उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. त्या दुसऱ्या बंदीबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. त्या वर्षी आमच्या आळीत टोल फार पडले.

आता आई पंचाहत्तर पार आहे. गुडघ्यांमुळे वाट जमत नाही, मी स्कूटरवरून नेते, बावखलाच्या वळणावर हळू करते. गेल्या उपवासकाळात एका दुपारी फोन चाळताना धर्मग्रामाच्या चॅनलवर खाली खाली जात मला ती मिस्सा सापडली. २९ मार्च २०२०. चित्र थोडं तिरकं, कोणी तरी फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवलेला. फादर एकटे. रिकाम्या बाकांकडे पाहून ते म्हणाले, 'प्रभू तुम्हांबरोबर असो,' आणि उत्तराला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबले. मी ऐकत राहिले. लाजरसाचा उतारा, छोटं प्रवचन, मग वेदीवरची ती लहान घंटी.

आई स्वयंपाकघरात होती. तिथून विचारलं, "आत्ता कुठली मिस्सा?"

"जुनी आहे," मी म्हटलं. "तेव्हाची."

तिने गॅस बारीक केल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर ती ओट्याला एक हात टेकून उभी होती, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर घेत. तिसरी घंटी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग झाकण उचलून तिने डाळ ढवळली.